शाळांच्या लेव्हीचं नूतनीकरण: फेब्रुवारीचं बॅलट बाजूला टाकू नका (सिएटल-ईस्टसाइड)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड, सॅमामिश, इसाक्वा, बॉथेल या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर आहेत. यातल्या बहुतेकांनी घर घेताना पहिली चौकशी शाळेची केलेली असते. त्या शाळा ज्या पैशावर चालतात, त्यातला एक मोठा वाटा, म्हणजे मालमत्तेवरचा स्थानिक शाळा-कर (लेव्ही), दर चार वर्षांनी मतदारांच्या मंजुरीसाठी येतो. तो येतो फेब्रुवारीत, पातळशा बॅलटवर (टपालाने घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर). ना अध्यक्षपदाची निवडणूक, ना गव्हर्नरची. आपल्यातले मतदानाचा हक्क असलेले कितीतरी जण तो लिफाफा जाहिरातींच्या कागदांबरोबर रिसायकलिंगमध्ये टाकतात. 2022 च्या फेब्रुवारीत इथल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टनी (त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) मंजूर करून घेतलेल्या लेव्ह्या 2026 अखेर संपतात, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही. शाळांचा खर्च विक्रीकर, राज्याचा मालमत्ता कर आणि त्यावर स्थानिक लेव्ही असा भागवला जातो. मुलांच्या शिक्षणाची पुरेशी तरतूद करणं हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य आहे, असं राज्यघटनेच्या नवव्या कलमात लिहिलेलं आहे. 2012 मध्ये मॅक्लिअरी खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं की राज्य हे कर्तव्य पार पाडत नाही. तरी विधिमंडळ हलेना. 2014 मध्ये न्यायालयाने अवमानाचा ठपका ठेवला, 2015 मध्ये दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. अखेर 2017 मध्ये विधिमंडळाने राज्याचा मालमत्ता कर वाढवला आणि 2019 पासून स्थानिक लेव्हीवर कडक मर्यादा घातली. 2018 मध्ये जुनी लेव्ही आणि वाढीव राज्य कर दोन्ही एकदम आले. त्या वर्षी आपली बिलं कशी फुगली होती, ते जुन्या लोकांना आठवत असेल.

एवढं झाल्यावर राज्य सगळं देत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. राज्याचा पैसा 'नमुना शाळे'च्या सूत्राने येतो: चारशे मुलांच्या प्राथमिक शाळेला इतके शिक्षक, इतके समुपदेशक, इतकी नर्स. 2022 पर्यंत या सूत्रात अशा शाळेसाठी नर्सचा वाटा 0.076 होता (पूर्ण वेळ नर्स म्हणजे 1), म्हणजे आठवड्याला जेमतेम तीन तास. प्रत्यक्षात कुठलीही शाळा तीन तासांच्या नर्सवर चालत नाही. वरचे तास डिस्ट्रिक्टने भरले, आणि बहुतांशी लेव्हीतून भरले. समुपदेशक, वर्गात मदत करणारे पॅरा, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे शिक्षक, ऑर्केस्ट्रा, खेळ, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खर्चातली तूट या सगळ्याची हीच गत आहे.

ही लेव्ही जास्तीत जास्त चार वर्षांची असते. नूतनीकरण झालं नाही, तर पैसा हळूहळू आटत नाही, ठरलेल्या तारखेला थांबतो. सिएटलच्या उत्तरेला मेरिसव्हिलला 2022 मध्ये दोनदा लेव्ही पडली, म्हणजे मतदारांनी नाकारली. पुढे 2023 मध्ये ती मंजूर झाली, पण मधल्या काळात डिस्ट्रिक्टची आर्थिक घडी इतकी विस्कटली की राज्याला देखरेखीसाठी उतरावं लागलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना मत देता येतं त्यांनी 'हो' म्हणावं. शंका, विरोध, सगळं इथे लिहा. मला जमेल तितकं सांगतो.

कोथरूडची_सायली

छान लिहिलंय. पुण्यात आईबाबांच्या मिळकतकराच्या बिलात 'शिक्षण कर' अशी ओळ असते. बाबा आयुष्यभर भरत आले, पण 'हा भरू का?' असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. इथे चक्क विचारतात, याचंच मला पहिल्या वर्षी अप्रूप वाटलं होतं.

प्रश्न असा की आमचा कर मॉर्गेजबरोबर एस्क्रोतून (हप्त्यासोबत कराचे पैसे घेऊन बँक भरते त्या खात्यातून) जातो, त्यामुळे आकडा कधी नीट पाहिलेलाच नाही. लेव्ही मंजूर झाली तर सध्याच्या करावर आणखी भर पडणार का? आणि घराची किंमत वाढली की लेव्हीही तेवढीच वाढते का?

गोदाकाठ

सायली, दोन्हींची उत्तरं देतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

संपत असलेली लेव्ही बंद होते आणि तिच्या जागी नवी येते. दोन्ही एकाच वर्षी लागत नाहीत.

दुसरं, मतदार दर मंजूर करत नाहीत, डॉलरमधली रक्कम मंजूर करतात. बॅलटवर चार वर्षांच्या चार रकमा छापलेल्या असतात. शेजारी दर हजारी अमुक डॉलर असं लिहिलेलं असतं, तो फक्त अंदाज. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. डिस्ट्रिक्टला 100 मिलियन डॉलर गोळा करायचे आहेत आणि हद्दीतल्या सगळ्या मालमत्तेचं मूल्य 100 बिलियन आहे. दर झाला हजारी एक डॉलर. तुमचं घर 1.2 मिलियनचं असेल तर वर्षाला 1,200 डॉलर. आता पुढच्या वर्षी सगळ्यांचीच घरं दहा टक्क्यांनी वाढली. रक्कम तीच 100 मिलियन, म्हणून दर उतरून साधारण 91 सेंटवर येतो, आणि तुमचं 1.32 मिलियनचं घर पुन्हा 1,200 च भरतं. तुमचं घर बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलं तर मात्र तुमचा वाटा वाढतो.

काउंटीच्या संकेतस्थळावर पार्सल नंबर (मालमत्तेचा क्रमांक) टाकला की तुमच्या कराचा कुठला हिस्सा कुठे जातो ते ओळीने दिसतं: राज्याच्या शाळा, स्थानिक शाळा, शहर, काउंटी, बंदर, वाचनालय, साउंड ट्रान्झिट (सार्वजनिक वाहतूक). एकदा अवश्य पाहा. भरायच्या तारखा 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबर. एस्क्रो असेल तर बँक भरते, पण पैसा तुमचाच असतो.

दर्याकिनारी

गोदाकाठ, माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष पटत नाही. विरोधी बाजू मांडतो.

एक तर 'नूतनीकरण' म्हणायचं आणि रक्कम दरवर्षी वाढवत न्यायची, हे बरोबर नाही. चार वर्षांच्या रकमांची उतरंड नीट पाहा, शेवटच्या वर्षाचा आकडा पहिल्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. मुलं मात्र कमी होताहेत. बेलव्ह्यूने 2023 मध्ये विल्बर्टन आणि ईस्टगेट या दोन प्राथमिक शाळा पटसंख्या घटली म्हणून बंद करून बाकीच्यांत सामावून घेतल्या. मुलं कमी आणि पैसा जास्त, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि मुख्य मुद्दा: राज्याचं कर्तव्य असेल तर राज्याने पार पाडावं. आपण दर चार वर्षांनी 'हो' म्हणत गेलो तर ऑलिम्पियाला (राजधानीतल्या विधिमंडळाला) कशाची घाई? मॅक्लिअरीचा सगळा आटापिटा स्थानिक लेव्हीवरचं अवलंबित्व कमी करण्यासाठी होता. 2019 मध्ये त्यांनीच मर्यादा पुन्हा सैल केली: हजारी दीड डॉलरवरून अडीच. म्हणजे आपण फिरून तिथेच आलो.

भांडवली नफ्यावरचा सात टक्क्यांपासून सुरू होणारा करही आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2023 मध्ये वैध ठरवला, 2024 मध्ये मतदारांनी तो रद्द करायला नकार दिला, आणि त्यातले दरवर्षी पहिले साधारण 500 मिलियन शिक्षणाच्या खात्यात जातात. आपल्यातल्या अनेकांनी शेअर विकून तो भरलाय. मग पुन्हा घरावर कशाला?

गोदाकाठ

दर्याकिनारी, मुद्दे वजनदार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

रकमा वाढत्या असतात हे खरं. पण मतदारांनी मंजूर केलेली रक्कम आणि कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा यांत जी कमी, तेवढीच डिस्ट्रिक्टला गोळा करता येते. मर्यादा दोन प्रकारे मोजतात, हजारी दर किंवा दर विद्यार्थ्यामागे ठरावीक डॉलर, आणि त्यातली कमी भरेल ती लागू होते. ईस्टसाइडला जमीन महाग असल्यामुळे आपल्याकडे सहसा विद्यार्थ्यामागची मर्यादा आधी लागते. म्हणजे मुलं कमी झाली की डिस्ट्रिक्टला गोळा करता येणारी रक्कमही खाली येते, बॅलटवर काहीही छापलेलं असो.

पटसंख्येबद्दल: तीस मुलांच्या वर्गातून तीन गेली तरी शिक्षक एकच लागतो, बसचा मार्ग तोच, हीटिंग तेवढंच. राज्याचा पैसा मात्र तीन मुलांचा लगेच जातो. शाळा बंद करण्याची वेळ येते ती यामुळेच. त्या दोन शाळा बंद झाल्या तेव्हा पालक किती कळवळले होते ते मी पाहिलंय. लेव्ही पडली असती तर हा निर्णय दोन शाळांवर थांबला नसता.

राज्याने द्यावं हे मलाही मान्य आहे, अगदी शंभर टक्के. पण ऑलिम्पियावर दबाव आणायची जागा ऑलिम्पियात आहे. लेव्ही पाडली तर आमदाराचं काही बिघडत नाही, तिसरीतल्या मुलाचा पॅरा जातो. मॅक्लिअरी 2007 मध्ये दाखल झाला आणि न्यायालयाने तो 2018 मध्ये मिटवला. 2007 मध्ये पहिलीत असलेलं मूल 2018 पर्यंत बारावीच्या उंबरठ्यावर पोचलं होतं.

मृद्गंध

नर्सचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी फक्त वाचत असते.

माझ्या मुलीला टाइप-वन मधुमेह आहे, ती दुसरीत आहे. जेवणाच्या सुट्टीआधी तिला हेल्थ रूममध्ये जावं लागतं. नर्स सेन्सरवरची साखर बघते, डब्यावर मी लिहून दिलेले कार्ब्ज तपासते. पोळी दोन, वरण अर्धी वाटी, द्राक्षं दहा. मग आकडा इन्सुलिनच्या पंपात भरायचा, आणि वर जाणारा की खाली जाणारा बाण आहे त्याप्रमाणे निर्णय घ्यायचा. खेळाच्या तासानंतर पुन्हा एकदा. साखर सत्तरच्या खाली असेल तर ज्यूस देऊन पंधरा मिनिटं शेजारी बसायचं, एकटं सोडायचं नाही.

आमच्या आधीच्या शाळेत नर्स मोजकेच दिवस असायची. बाकीच्या दिवशी ऑफिसमधल्या बाई हे करायच्या. प्रशिक्षण घेतलेलं होतं, मनाने फार चांगल्या होत्या, पण त्याच वेळी फोन वाजत असे आणि दारात उशिरा आलेली मुलं उभी असत. ते वर्ष मी फोन हातात धरूनच काढलं. नोकरीत मीटिंग चालू असताना अर्धं लक्ष तिच्या साखरेच्या रेषेवर असायचं.

आता सूत्रात नर्सचा वाटा वाढलाय असं ऐकलं. तरी पूर्ण वेळ नाहीच ना?

गोदाकाठ

मृद्गंध, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. 2022 च्या कायद्याने तो वाटा तीन टप्प्यांत वाढवला आणि प्राथमिक शाळेसाठी अर्ध्याहून थोडा जास्त झाला. मोठी सुधारणा आहे, पण पूर्ण वेळ नाही. वरचे तास अजूनही स्थानिक पैशातूनच येतात.

पाटीपेन्सिल

मी एका प्राथमिक शाळेत पॅरा आहे. लोकांना वाटतं आम्ही फक्त डबे उघडून देतो आणि रांगा लावतो, म्हणून सांगते.

सकाळी वाचनाच्या तासाला मी मागच्या अर्धगोल टेबलावर चार मुलं घेऊन बसते. शिक्षिका बाकीच्या वर्गाला घेते. माझ्याकडचा एक मुलगा हेमंतात भारतातून आलाय, त्याला इंग्रजी अक्षरं येतात, पण 'श' आणि 'स' चे आवाज अजून जुळत नाहीत. एकीला डिस्लेक्सिया आहे. एक जण सहा मिनिटांपेक्षा जास्त बसू शकत नाही, त्याच्यासाठी मी टेबलाखाली पाय ठेवायला रबरी पट्टा बांधलाय. वीस मिनिटं. तेवढ्यात त्यांचं जे होतं ते मोठ्या वर्गात होत नाही.

लेव्हीचं मतदान असलं की त्या वर्षी वसंतात आमच्यातल्या नव्या लोकांच्या जिवाला घोर लागतो. कपात आली की पहिली आमच्यावर येते, नंतर शिक्षकांवर. विशेष शिक्षणाचं सांगायचं तर परवापर्यंत राज्य ठरावीक टक्क्यांपर्यंतच मुलांचे पैसे द्यायचं: आधी साडेतेरा, मग पंधरा, मग सोळा. त्यावरची मुलं नाहीतच असं धरायचं. 2025 मध्ये ती अट काढली. चांगलं झालं. पण इतक्या वर्षांची तूट एका कायद्याने भरून येत नाही.

बॉथेलचे_आजोबा

मी 1973 साली सिएटलला आलो, तेव्हा शहरात आपली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. लेव्ही पडणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. 1975 मध्ये सिएटलची लेव्ही पडली. त्या काळी साठ टक्के मतं लागायची आणि विमान कारखान्यातल्या मंदीतून लोक अजून सावरायचे होते. माझ्या शेजारी एक संगीत शिक्षिका राहायची, तिला नोटीस आली. आमच्या रस्त्यावर तेव्हा अशा तीन घरांत नोटिसा आल्या होत्या. पुढे ती ओरेगनला निघून गेली, परत आली नाही.

त्यातूनच सिएटल डिस्ट्रिक्टने राज्यावर खटला भरला. 1977 मध्ये न्यायमूर्ती डोरन यांनी डिस्ट्रिक्टच्या बाजूने निकाल दिला, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मूलभूत शिक्षणाचा खर्च राज्याने बेभरवशाच्या लेव्हीवर सोडू नये, हे तेव्हाच सांगून झालं होतं. मॅक्लिअरी त्याचाच पुढचा अध्याय. दर्याकिनारी, तुमचा राग रास्त आहे, पण पन्नास वर्षं हेच चाललंय आणि प्रत्येक वेळी मधे मुलंच सापडली.

साध्या बहुमतावर लेव्ही मंजूर व्हायला लागली ती 2007 च्या घटनादुरुस्तीनंतर, आणि ती दुरुस्तीही अगदी काठावर पास झाली. बाँडला मात्र अजून साठ टक्केच लागतात. लोक दोन्हींची गल्लत करतात. बाँड इमारतींसाठी, लेव्ही माणसांसाठी आणि रोजच्या खर्चासाठी.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी एक सूचना: 61 वर्षं पूर्ण असतील, स्वतःच्या घरात राहत असाल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर शाळांच्या लेव्ह्यांसकट सगळ्या जादा लेव्ह्यांतून सूट मिळते. किंग काउंटीत ही मर्यादा 2024 पासून 84,000 डॉलर आहे. आपल्या अनेक ज्येष्ठांना हे ठाऊक नसतं. अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही.

कोथरूडची_सायली

काका, ही सूट मला अजिबात माहीत नव्हती. सासूबाई-सासरे एव्हरेटला स्वतःच्या घरात राहतात, तिथलं काय?

बॉथेलचे_आजोबा

योजना राज्यभर आहे, पण उत्पन्नाची मर्यादा काउंटीप्रमाणे बदलते. एव्हरेट स्नोहोमिशमध्ये येतं, तिथल्या असेसरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात चौकशी करा. मागच्या वर्षांची सूट राहून गेली असेल तर तेही विचारा.

ढगाळ_सोमवार

आम्ही एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत अकरावं वर्ष. घर स्वतःचं, कर नियमित, दोन मुलं शाळेत. मत नाही. हा धागा वाचून वाईट वाटतंय, कारण काहीच करता येत नाही.

गोदाकाठ

ढगाळ, तुमच्यासारखी शेकडो घरं आहेत. आधी सावधगिरीचं सांगतो. व्हिसा असो की ग्रीन कार्ड, नागरिकत्व मिळेपर्यंत मतदार नोंदणी अजिबात करायची नाही. लायसन्सच्या वेळी किंवा मॉलबाहेर टेबल मांडून कुणी फॉर्म पुढे केला तरीही नाही. चुकून नोंद झाली असेल तर वकिलाशी बोला. पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते फार महागात पडू शकतं.

काही करता येत नाही, असं मात्र नाही. शाळा मंडळाच्या सभेत कुणालाही बोलता येतं, तिथे पासपोर्ट विचारत नाहीत. आमदाराला पत्र लिहिता येतं, आणि दर्याकिनारींचा मुद्दा नेमका तिथेच मांडायचा आहे. गणपतीला ज्या दहा घरांत तुमचं जाणं-येणं आहे, त्यांतली चार-पाच तरी आता नागरिक असतील. त्यांना जानेवारीअखेर फोन करा: 'बॅलट आलं का? भरलंस का?' फेब्रुवारीत मतदान इतकं कमी होतं की असे फोन खरोखर मोजले जातात. डिस्ट्रिक्ट हे काम करू शकत नाही. सरकारी पैशातून प्रचार करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्यांच्या पत्रकात 'हो म्हणा' असं कुठेही दिसणार नाही. सांगायचं ते आपणच सांगायचं.

भाडेकरू_रेडमंड

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, पण नागरिक आहोत. लेव्ही आम्हाला लागू नाही असं समजून मी मागच्या वेळी मत दिलंच नव्हतं. पण कर मालक भरतो, तो भाड्यात येतोच, आणि मुलगी त्याच शाळेत जाते. या वेळी देणार.

दर्याकिनारी

गोदाकाठ, विद्यार्थ्यामागच्या मर्यादेचा मुद्दा मी तपासून पाहिला, बरोबर आहे. पटसंख्येचा माझा आक्षेप मागे घेतो. राज्याबद्दलचा नाही. आणि एक गोष्ट तुम्ही कुणी लिहिली नाही: जमीन स्वस्त असलेल्या याकिमा खोऱ्यातल्या डिस्ट्रिक्टनी हजारी अडीच डॉलर लावले तरी विद्यार्थ्यामागे आपल्याइतका पैसा उभा राहत नाही. राज्य थोडी भर घालतं, पण दरी बुजत नाही. कर्कलंडच्या मुलाची नर्स आणि त्या खोऱ्यातल्या सनीसाइडच्या मुलाची नर्स यांत फरक का असावा? लेव्हीला मी 'हो' म्हणेन. पण त्याच दिवशी आमच्या विभागाच्या दोन्ही प्रतिनिधींना आणि सिनेटरला हे लिहिणार आहे, आणि मसुदा इथे टाकतो. ज्यांना सही करायची त्यांनी करा. ढगाळ, तुमची सही नक्की हवी.

ढगाळ_सोमवार

नक्की. मसुदा टाका, रेडमंडमधली आणखी सात-आठ घरं जोडून देतो.

मृद्गंध

मीही. नर्सचा परिच्छेद मी लिहून देऊ का?

दर्याकिनारी

द्याच. तुम्ही वर लिहिलंय तसंच, डब्यासकट.

भाडेकरू_रेडमंड

एक व्यावहारिक प्रश्न. मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या बॅलटच्या सहीवरून पत्र आलं होतं की जुळत नाही. या वेळी काय काळजी घ्यावी?

गोदाकाठ

बाहेरच्या लिफाफ्यावरची सही मतदार नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. नोंदणीच्या वेळी घाईत स्क्रीनवर बोटाने सही केली असेल तर हमखास फरक पडतो. काउंटीच्या निवडणूक विभागाकडून नवी सही नोंदवून घ्या, फॉर्म संकेतस्थळावर आहे. पत्र किंवा फोन आला तर दुर्लक्ष करू नका, निकाल प्रमाणित होण्याआधी सही दुरुस्त करून दिली की मत मोजलं जातं. टपाल तिकीट लागत नाही, पण शेवटच्या दिवशी टपालात टाकण्यापेक्षा ड्रॉप बॉक्स बरा. तो मतदानाच्या दिवशी रात्री आठला बंद होतो. लिफाफा पोचला का आणि सही स्वीकारली का, हे दोन्ही ऑनलाइन तपासता येतं. रेडमंडला सिटी हॉलजवळ बॉक्स आहे.